जुळलेल्या उत्तराचा संशय

परचुरे सरांकडे आम्ही दोघं विद्यार्थी शिकवणीला गेलो, की ते एकाला बाल्कनीत बसवायचे आणि दुसऱ्याला स्वयंपाकघरात. गणित तेच, पण एकमेकांच्या वहीत डोकावायचं नाही. माझ्या वाट्याला कायम स्वयंपाकघर. माझ्या कोपराशी काकू भाजी चिरत असायच्या.

सर रसायनं वाहणाऱ्या टँकरवर चीफ ऑफिसर होते. निवृत्तीनंतर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ते आम्हाला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवायचे : टाकीत माल किती भरला, हे गणित चुकू कसं द्यायचं नाही. टाकीतली रिकामी जागा, मालाचं तापमान, त्यावरून वजन. दोघांनी स्वतंत्र मोजायचं, स्वतंत्र मांडायचं, मगच कागद शेजारी ठेवायचे. एकदा मी आनंदाने ओरडले, "सर, जुळलं!" तर म्हणाले, "अहो, पत्रिका आहे का ती? लगेच अक्षता घेऊन निघालात!"

पुढे मीही चीफ ऑफिसर झाले. गेल्या वर्षी एका बंदरात माल भरत असताना माझा आणि सेकंड ऑफिसरचा आकडा शेवटच्या दशांशापर्यंत जुळला. मिरवायचंच होतं मला, म्हणून सरांना फोटो पाठवला. मिनिटभरात फोन.

"मॅडम, तापमान कोणी घेतलं?"

मी खरं ते सांगून टाकलं. तापमान सेकंड ऑफिसरने घेतलं होतं. मी त्याच्या कागदावरून उतरवलं होतं.

"मग ही दोन गणितं नव्हेत. एकाच गणिताच्या दोन प्रती आहेत. आधी पंप थांबवा, शिव्या मला नंतर द्या."

पंप थांबवला, स्वतः मोजलं. त्याने शेजारच्या टाकीचं तापमान लिहिलं होतं. आमचा माल पुष्कळ थंड होता. वाटेत तो तापवायचा होता. तापून हिशोबापेक्षा जास्त फुगला असता, टाकीत मावला नसता आणि डेकवर उसळला असता. अंगावर पडला तर कातडी सोलून निघेल असा माल, आणि डेकवर आमचीच माणसं! थोडा माल परत काढला, कागद नव्याने केले, जहाज सुटलं. त्या धांदलीत सरांना कळवायचं राहिलं ते राहिलंच.

दोन महिन्यांनी पुण्यात उतरले आणि थेट कोथरूड गाठलं. दार काकूंनी उघडलं. सर त्या फोननंतर आठव्या दिवशी गेले होते.

"त्या दिवशी धड जेवले नाहीत गं," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, थांबवला असेल तिनं. तर म्हणाले, 'असेल म्हणजे मोजलेलं नाही.' रोज सकाळी विचारायचे, तिचं काही आलं का? मी म्हणायचे, तुम्हीच करा की फोन. तर म्हणे, कामातल्या माणसाला मधे टोकू नये."

मला रडू आवरेना. तिथंच दारात मी सांगू लागले, तर काकूंनी मला थांबवलं. "मला काय सांगतेस? आत जा. त्यांना सांग."

आत हार घातलेला फोटो होता.

"सर, मी स्वतः मोजलं," मी म्हटलं. "बारा अंशांनी कमी होतं. सगळे सुखरूप आहेत."

त्यांनी उलट काहीतरी खवचट बोलावं, म्हणून मी कितीतरी वेळ तिथंच उभी होते.