सर्ज्या उठला तेव्हा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नगरला मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. वाणसामान असो की लग्नाची तयारी, यादी केल्याशिवाय माझं काम सुरू होत नाही. तेव्हा हेही जसं घडलं तसंच, क्रमाने लिहिते...

गाव कर्जत तालुक्यातलं, काळ बहात्तरच्या दुष्काळाचा. माझा धाकटा भाऊ भानू शेळ्यांसाठी पाला तोडताना लिंबावरून पडला. पाठीच्या कण्याला मार – दोन्ही पाय लुळे. नगरचे डॉक्टर म्हणाले, "आतली नस पूर्ण तुटलेली दिसत नाही. पाय रोज हलवा, उभं करा, पायांवर भार पडू द्या. करून करूनच शरीर परत शिकतं. पण हमी देत नाही."

मी रजा काढली, व्यायामाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. अंगणात कमरेएवढे दोन आडवे बांबू बांधले. गुडघ्यांमागे लाकडी पट्ट्या बांधून भानूला मध्ये उभं करायचं. मी खाली बसून एकेक पाऊल हाताने पुढे सरकवायची आणि आबा – आमचे वडील – समोरच्या टोकाला उभे राहून हाकारायचे. त्यांना वेळापत्रक कळत नसे, औत कळायचं. त्यांनी भानूच्या पायांना आपल्या बैलांचीच नावं दिली – उजवा सर्ज्या, डावा राजा. राजा बैल दुष्काळात मेला होता. सर्ज्या अंगणातच बांधलेला, आबांनी "ऊठ रं सर्ज्या!" म्हटलं की तोच आधी उभा राहायचा.

"आबा, तुमचा बैलच चालंल बगा माज्याआदी!" भानू हसायचा.

"मग लाज धर की! त्यो म्हातारा हाय, तू न्हाईस."

उन्हाळ्यात आबा गेले. एकुलता मुलगा ओट्यावर पडून राहिला आणि अग्नी चुलतभावाने दिला. भानूने व्यायाम सोडला. सर्ज्याही बसला तो बसलाच. ओढलं, पेंड दाखवली, उठेना.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी रागावूनच भानूला बांबूंमध्ये उभं केलं.

"कुनाला दावायचं, आक्का? बगनारा गेला."

"मला दाखव," म्हणत मी त्याच्या उजव्या पावलाला हात लावला.

"थांब... हात काढ," तो एकदम म्हणाला. "आबा हाकारत्यात."

अंगणात चिटपाखरू नव्हतं. मी मान वळवली तर – सर्ज्या उभा राहत होता! कान टवकारलेले, नजर बांबूंच्या त्या टोकाकडे. मी परत वळते तोवर भानूचं उजवं पाऊल आपलं आपण पुढे पडलं होतं.

आज भानू कुबड्यांवर शेतापर्यंत जातो. उजवा पाय उचलतो, डावा ओढतो. डावा कधीच हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "मार दोन्ही बाजूंना सारखा नसतो. आणि हे यश व्यायामाचंच." मला पटलं, वेळापत्रक अजून भिंतीवर आहे. पण सर्ज्याने कुठला व्यायाम केला होता? तो कोणाच्या हाकेला उठला?

आबांची लेक मीही. भानू आणि सर्ज्याच्या मध्ये, मातीत गुडघे टेकून बसले होते, कान देऊन... मला काहीच ऐकू आलं नाही.