रविवारचा कोरियन खून

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये दोन वर्षं राहूनही माझं जर्मन कोपऱ्यावरच्या बेकरीवालीला कळत नव्हतं. मी जर्मनमध्ये पाव मागितला की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यात पुढच्याच आठवड्यात भाषेची तोंडी परीक्षा होती. नापास झाले असते तर हाताशी आलेली नोकरी गेली असती.

"सिनेमे बघ. खाली जर्मनमध्ये येतं ना, ते मोठ्यांदा वाच," नवरा म्हणाला. (आणि सायकल घेऊन पसार झाला.)

म्हणून रविवारी दुपारी मी एक कोरियन सिनेमा लावला. परक्या शहरात पोटापाण्यासाठी आलेली कोरियन मंडळी, त्यांच्यातलाच एक गायब, आणि बाकीचे एकमेकांवर संशय घेतायत. पुण्याहून आलेल्या सासूबाई शेजारी विळीवर बीट चिरत बसल्या. त्यांना जर्मन येत नाही, म्हणून मी प्रत्येक वाक्य आधी जर्मनमध्ये ठणकावून वाचायचे, मग मराठीत सांगायचे.

"प्रेत कुठे लपवलंस?" मी जर्मनमध्ये गरजले.

अर्थ कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तळघरात असणार. तो टकला हसतोय बघ कसा."

उकडत होतं, म्हणून खिडक्या सताड उघड्या होत्या. रविवारी इथे भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नसतो, हे मला पाठ होतं. खुनाबद्दल कुणी बोललं नव्हतं!

बेल वाजली. सासूबाई उठल्या, दार उघडलं. बाहेर दोन पोलीस. आत सासूबाई, मनगटापर्यंत लाल हात आणि हातात विळी! (ती खाली ठेवून जावं, हे त्यांना सुचलंच नाही.) पोलीस दोन पावलं मागे सरले.

त्यांच्यातल्या पोलीसबाईंनी काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. भीतीने तोंडातून सिनेमातलं नुकतंच घोकलेलं वाक्य खणखणीत बाहेर पडलं, "वकील आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

"काय म्हणतायत गं?"

"आई, आधी विळी खाली ठेवा."

"ठेवते. चहा घेणार का विचार त्यांना."

तेवढ्यात टीव्हीवर तळघराचं दार उघडलं आणि प्रेत सापडलं. पोलीसबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग ताटातल्या बिटाकडे, आणि त्या भिंतीला टेकून हसत सुटल्या. नंतर त्यांनी सावकाश सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या आजींनी फोन केला होता. कुणी जर्मन बाईच खून करतेय, असं त्यांना वाटलं होतं.

जर्मन बाई! त्या दोन शब्दांच्या जोरावर मी परीक्षा पास झाले. त्याच तोऱ्यात बेकरीत जाऊन पाव मागितला.

बेकरीवाली हसून इंग्रजीत म्हणाली, "आणखी काही?"

बहुतेक तिच्याकडे प्रेतच मागायला हवं होतं.