निळं पाणी कुठे निघालं?

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण, तुंबलेल्या मोऱ्या आणि गटारलाइनी मोकळ्या करतात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण घरातले बाकीचे लोक पाहुण्यांपुढे "प्लंबिंगचं बघतात" असं काहीतरी पुटपुटतात आणि वन्सं तिथल्या तिथे त्यांना दुरुस्त करतात. "प्लंबर नळाचं बघतो. पाणी येतं कुठून ते त्याला विचारा, जातं कुठे ते मला!"

मूळ काम सासऱ्यांचं. मुलगा हाताखाली येईल अशी त्यांची आशा, पण माझ्या मिस्टरांना चेंबरचं झाकण नुसतं सरकवलं तरी मळमळायचं. वन्सं मात्र कॉलेज अर्धवट टाकून, लाइनीत घालायच्या काठ्यांचा भारा खांद्यावर घेऊन निघाल्या त्या निघाल्याच. आता पन्नाशी उलटली. कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरल्या की पहिला प्रश्न, "तेल ओतता ना मोरीत?" समोरची बाई नाही म्हणाली की हसतात. "तुम्ही लपवाल हो, लाइन नाही लपवत. कढई आधी कागदानं पुसा, मग घासा." मग जाळीपाशी वाकून तांब्याभर पाणी सोडतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात. गुडगुडलं तर पुढे कुठेतरी हवा कोंडली आहे. आवाजच न करता गेलं तर आतून तेलाचा थर धरला आहे. मला तर दोन्ही सारखंच ऐकू येतं!

चेंबरमध्ये त्या स्वतः उतरत नाहीत आणि दुसऱ्या कोणाला उतरू देत नाहीत. "आत काठी जाईल, माणूस जाणार नाही," हा सासऱ्यांचा नियम. काम झालं की साबण लावून दोनदा अंघोळ, आणि मग देवापुढे दोन मिनिटं हात जोडून उभ्या. काय बोलतात, मी कधी विचारलं नाही. ते त्यांचं त्यांचं.

पण मला सांगायचंय ते गेल्या रविवारचं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू पाळणाघर चालवतात. आठ मुलं आहेत, सगळ्यांत धाकटं दहा महिन्यांचं. महिनाभर काकूंच्या न्हाणीघरात जाळीतून घाण पाणी वर येत होतं. काकू बिचाऱ्या रोज फिनेल टाकून घासायच्या आणि मुलांना तिकडे फिरकू द्यायच्या नाहीत. आमच्या सेक्रेटरींनी मात्र न बघताच निकाल देऊन टाकला की पोरांची दुपटी आणि रुमाल संडासात सोडतात म्हणून लाइन तुंबते. शनिवारी खाली फळ्यावर कागद लागला. रविवारी सकाळी अकराला सभा, विषय एकच, पाळणाघर बंद करणे.

काकू तडक तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आल्या. डोळे लाल.

"लाइनताई, देवाशप्पथ सांगते, एक रुमालसुद्धा सोडलेला नाही हो मी." सगळी इमारत वन्संना लाइनताईच म्हणते.

"मग रडता कशाला? उद्या आठ वाजता बघू. वहिनी, कपड्यांची नीळ आहे का गं घरात?"

"आहे की. अर्धी बाटली."

"अर्धीनं काय होतंय? भरलेली आण."

रविवारी आठच्या ठोक्याला वन्संनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं आणि चपलेच्या टोकानं मातीत रेघ काढून समजावलं. वरच्या तिन्ही मजल्यांची लाइन एका बाजूनं येते, काकूंची दुसऱ्या बाजूनं. दोन्ही जमिनीखालीच एकमेकींना मिळतात आणि तिथून एकच लाइन फाटकाजवळच्या चेंबरला जाते. "आता आमची वहिनी तिसऱ्या मजल्यावरून नीळ सोडेल. काकूंची लाइन काकूंच्या घराशीच तुंबलेली असेल, तर निळं पाणी सरळ फाटकाशी निघेल. काकूंच्या न्हाणीघरात वर आलं, तर मिळाल्यानंतरची लाइन तुंबलीय. ती सगळ्यांची आहे, एकट्या काकूंची नाही."

"आणि कुठेच नाही आलं तर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तर तुमच्या बेसिनमधून येईल, थांबा!"

सगळे हसले. मी जिना चढले, कशी चढले मला माहीत नाही. आमच्या मोरीत बाटली रिकामी केली, वर चार बादल्या ओतल्या आणि तशीच धावत खाली आले. गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठे! काकूंच्या न्हाणीघराच्या दारात ही गर्दी. फाटकाशी सेक्रेटरी एकटेच चेंबरात डोकावत उभे.

"आलं का हो तिकडे?"

"नाही अजून. बारीक धार आहे, मळकीच."

जाळीत आधी बुडबुडा आला. मग काळपट पाणी. आणि मग, काय सांगू, त्या काळपट पाण्याला हळूहळू निळी झाक चढायला लागली!

"निळं! अहो निळं आलं!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की वरच्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीतून "कोण आलं? कोण आलं?" विचारायला लागले. मी मनातल्या मनात देवाचे पाय धरले.

सेक्रेटरी आले, बघितलं, पण माघार घेतील तर ते सेक्रेटरी कसले? "लाइन सगळ्यांची असेल. आत चिंधी कोणाची अडकलीय, ते महत्त्वाचं."

"तेही बघू," वन्संनी बाह्या वर सारल्या.

फाटकाच्या चेंबरातून उलट्या दिशेनं काठ्या घालायला सुरुवात झाली. एकीला दुसरी फिरवून जोडायची, पुढे सरकवायची. सगळ्यांत पुढच्या काठीला मळसूत्रासारखा पीळ दिलेला हूक. दोन काठ्या गेल्या, तिसरी गेली. वन्संच्या कपाळावर घामाच्या धारा. चौथी अर्धी गेली आणि थांबली.

"लागलं! वहिनी, धर मागून. फिरव माझ्याबरोबर. उलटं नाही गं, उलटं फिरवलंस तर काठी सुटेल!"

आम्ही दोघींनी फिरवलं, ओढलं, पुन्हा फिरवलं. पावणेअकरा झाले होते. आणि एकदम फस्सकन आवाज आला, काठ्या हातात आल्या आणि पाठोपाठ काळं, निळं सगळं पाणी धो धो करत चेंबरात आलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. हुकाला नारळाएवढा काळा गोळा अडकला होता, केसांनी आणि तेलानं माखलेला.

सेक्रेटरी वाकले. "कापड आहे. बघा! मी काय म्हणत होतो? दुपटंच आहे ते."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

वन्संनी गोळ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि हातमोज्याच्या अंगठ्यानं पुसलं. आतून हिरवी नायलॉनची दोरी दिसली, तीन गाठी मारलेली. वन्संच्या कामासाठी असल्या दोऱ्या घरी बसून मीच कापते, गाठीही मीच मारते. मी वन्संकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आमच्या दोघींशिवाय तिथे कोणालाच काही कळलं नव्हतं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं, वन्सं, टाका तो गोळा बादलीत आणि गप्प बसा. गल्लीतलं सगळं काम त्यांच्या नावावर मिळतं. देवानं मला त्याबद्दल माफ करावं.

"हे दुपटं नाही," वन्सं म्हणाल्या. "पोत्याचा बोळा आहे. आणि माझा आहे."

"तुमचा?"

"गेल्या वर्षी हे चेंबर मी बांधलं. सिमेंट वाळेपर्यंत वरून पाणी येऊ नये म्हणून लाइनीत बोळा घालून ठेवतात. त्या दिवशी पाण्याला जोर होता, म्हणून मी एक काठीनं आत खोल ढकलला आणि एक तोंडाशी, असे दोन घातले. काढताना एकच काढला. आतला सैल होता, बाजूनं पाणी जात राहिलं, म्हणून वर्षभर कळलं नाही. त्याच्यावर केस साठले, तेल साठलं. यात काकूंचा काही संबंध नाही. चूक माझी आहे."

पहिल्या बोलल्या त्या काकू.

"म्हणजे महिनाभर मी तुमची घाण घासत होते?"

"हो."

"आणि मी तुमच्याच दारात येऊन रडले!"

"हो, काकू."

काकूंनी पदरानं नाक पुसलं. "उद्या आठला मुलं येतील. त्याआधी न्हाणीघर मला लख्ख पाहिजे. कोपरेसुद्धा!"

"आत्ता करते," वन्सं म्हणाल्या आणि ब्रश घेऊन आत गेल्यासुद्धा.

गॅलरीतले आजोबा म्हणाले, "लाइनताई, झालंच तर आमच्याकडे किती बोळे राहिलेत तेही मोजा!" तेव्हा कुठे लोक हसले. सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते. ते फळ्यापाशी गेले, कागद काढला, घडी करून खिशात टाकला आणि कोणाशी न बोलता वर निघून गेले.

मग सगळ्या मजल्यांवरून एकदम नळ सोडले. "सोडा!" म्हणून मीच ओरडले, माझा एवढा आवाज माझ्या मुलांनीही कधी ऐकला नव्हता. काकू जाळीशी उकिडव्या बसून बघत होत्या. एक थेंब वर आला नाही!

सोमवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. खालून मुलांचा पाण्यात खेळण्याचा कल्ला आणि काकूंचं "अरे साबण खातोस काय!" ऐकू येत होतं. वन्संनी काठ्यांचा भारा बांधून दारात ठेवला होता.

"वहिनी, डबा दे लवकर."

"आज कोणाचं काम आहे?"

"कोणाचंच नाही. रात्रभर आठवत होते. गेल्या वर्षी आणखी दोन ठिकाणी मी दोन-दोन बोळे घातले होते. कोणी बोलावलेलं नाही, पण झाकणं उघडून बघून येते."