कपाटामागची भिंत

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. डॉक्टर माणसाच्या घशात डोकावतो, आम्ही रंगारी त्याच्या कपाटामागं. घरातलं मोठं लोखंडी कपाट एरवी कोण हलवतं? रंग द्यायचा असला की चार माणसं लागतात, 'हळू, हळू' होतं आणि ते सरकतं. मागं कधी हरवलेलं जोडवं निघतं, कधी जुनी लग्नपत्रिका. आणि पुष्कळदा भिंतीवर काळी, हिरवट बुरशी निघते. घरातल्या लोकांना वाटतं, आता हे आपल्याला नावं ठेवणार. आम्ही कशाला ठेवू? ओल कोणाच्या घरी नाही?

मी आणि देविदासभाऊ जळगाव जामोदला राहतो, आजूबाजूच्या गावांची कामं जोडीनं घेतो. भाऊ माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. ब्रश धरायला मला त्यांनीच शिकवलं.

*

पहिला किस्सा भाऊंचाच. बुरशीची भिंत भाऊ वर्षानुवर्षं सुकीच खरवडत आले. दारं-खिडक्या बंद, तोंडाला काही नाही, वर गाणं गुणगुणणं चालूच. मग एका पावसाळ्यात त्यांची छाती वाजायला लागली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबून दम खायचे. मी विचारलं की म्हणायचे, वय झालं. शेवटी कांताकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हाताला धरून दवाखान्यात नेलं. सोबत मी होतो.

डॉक्टरांनी आधी काम काय करता ते विचारलं. मग समजावून सांगितलं. सुकी बुरशी खरवडली की तिचे बारीक कण हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. कोणाला नुसत्या शिंका येतात, कोणाचे डोळे चुरचुरतात, आणि ज्याची छाती नाजूक त्याला दम्यासारखा त्रास होतो. म्हणून भिंत आधी ओली करायची, खिडक्या उघडायच्या, नाका-तोंडावर घट्ट बसणारा चांगला मास्क लावायचा.

भाऊंनी सगळं मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "पण डॉक्टरसाहेब, मास्क लावला तं तंबाखू कशी खाऊ?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

तंबाखू अजून पुरती सुटलेली नाही. मास्क मात्र सुटत नाही, कारण काकू तो रोज डब्यात भाकरीच्या वर ठेवतात. हातात घेतल्याशिवाय जेवताच येत नाही.

*

आमच्याच गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या झोपायच्या खोलीत उशाकडच्या भिंतीवर काळे डाग आले होते. गुरुजी रात्रंदिवस खोकायचे. आम्हाला बोलावून म्हणाले, चॉकलेटी रंग मारा, म्हणजे डाग दिसणार नाहीत.

भाऊंनी भिंतीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग अगदी नम्रपणे विचारलं, "गुरुजी, पोरगं नापास झालं तं तुमी प्रगतिपुस्तकाले नवं कव्हर घालत होते काय?"

गुरुजींनी डागांकडं पाहिलं. मग हसले. भिंतीपलीकडं न्हाणीघर होतं आणि आतला पाइप झिरपत होता. प्लंबरनं तो बदलला. त्यानंतर भाऊंनी सांगितलं की भिंत पुरती सुकल्याशिवाय ब्रश लावणार नाही. वरून रंग दिला तर खालची बुरशी महिनाभरात त्याला फोडून बाहेर येते. गुरुजींनी पलंग दुसऱ्या खोलीत हलवला आणि रोज सकाळी भिंतीला हात लावून आम्हाला फोन करायला लागले. "आज जरा बरी आहे," म्हणायचे. जशी काही भिंतच आजारी होती.

रंग द्यायला गेलो तेव्हा तासभर त्यांच्याशी बोलत होतो. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, गुरुजी एकदाही खोकले नव्हते.

*

बुरशी पावसाळ्यातच येते असं नाही. संग्रामपूरला ऐन मेमध्ये एका घरी खिडक्यांच्या ग्रिलला रंग द्यायला गेलो होतो. त्या घरातली आठ वर्षांची मुलगी हॉलमध्ये बसली की शिंकायची आणि अंगणात गेली की बरी व्हायची. आजीनं ठरवून टाकलं होतं की कोणाची तरी नजर लागली. दाराला लिंबू-मिरची टांगलेली, मुलीच्या गळ्यात काळा दोरा.

आजीनं जाता जाता सांगितलं, उरलेला रंग कूलरलेही मारा, गंजून राह्यला. भाऊंनी हॉलच्या खिडकीतल्या कूलरची बाजू उघडली. आतलं गवत मागच्या उन्हाळ्यापासूनचं होतं. काळंहिरवं, चिकट, आणि वास असा की मीच मागं सरलो. तीच हवा दिवसभर त्या मुलीच्या तोंडावर येत होती.

जुनं गवत फेकलं, टाकी घासली, नवं गवत बसवलं, आणि टाकीतलं पाणी वरचेवर बदलत जा म्हणून सांगितलं. आजी सगळं बघत उभ्या होत्या. दोनेक आठवड्यांनी सहज गेलो, तर मुलगी हॉलमध्येच चित्रं रंगवत बसली होती. दारावरची लिंबू-मिरची दिसेना. मी विचारलं, आजी, काढली का?

"काढली नाई," आजी म्हणाल्या. "कूलरले बांधली."

*

भाऊ गावाला शहाणपण सांगत हिंडले, आणि सांगायचं राहिलं ते त्यांच्याच मुलीला. संगीताला धामणगाव बढ्याला दिली आहे. दिवाळीच्या आधी तिनं न्हाणीघरातली बुरशी घासायला काढली. नुसत्या ब्लीचिंग पावडरनं जात नाही म्हणून तिच्यात संडास धुवायचं ॲसिड ओतलं, आणि दार आतून लावलेलं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की विषारी वायू होतो, हे तिला माहीत नव्हतं. खोकण्याचा आवाज ऐकून नवऱ्यानं दाराला खांदा दिला, तिला उचलून ओट्यावर आणलं आणि तसंच दवाखान्यात नेलं.

भाऊंना फोन आला तेव्हा आम्ही कामावर होतो. बसमध्ये ते हाताला लागलेला रंग नखानं काढत राहिले. पोचलो तेव्हा संगीता उठून बसलेली होती. भाऊ तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "साध्या साबणाच्या पाण्यानं निंगते ते, बाई. मी तुले सांगतलंच नाई."

तेव्हापासून दर रविवारी न्हाणीघर जावई धुतात. साबणाचं पाणी, ब्रश, दार सताड उघडं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा संगीतानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "काका, ते गेले की मी पुन्हा घासतो. पण त्याईले सांगू नका."

*

आता शेवटचा.

संग्रामपूरकडच्या एका खेड्यात आबा म्हणून एक निवृत्त पोस्टमन एकटेच राहतात. त्यांना दमा आहे. त्या वर्षी दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, म्हणून अकोल्याच्या मुलीनं आम्हाला धाडलं. खोलीला एकच खिडकी, तीही बंद. तिच्या फटींवर खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या. कागद काळा पडला होता आणि बुरशी तिथून निघून अर्ध्या भिंतीवर चढली होती.

आबा म्हणाले, सगळी खोली रंगवा, खिडकीले हात लावू नका.

नंतर कळलं, पट्ट्या त्यांच्या बायकोनं लावलेल्या. शेवटच्या आजारात सुमनबाईंना वारं सोसत नसे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी बोलणार होतो, भाऊंनी डोळ्यांनी थांबवलं. दोन दिवस आम्ही बाकीच्या तीन भिंती केल्या. दुपारी भाऊ आबांजवळ बसायचे आणि सुमनबाई कशा होत्या ते विचारायचे. आबा सांगायचे. मधेच दम लागायचा, थांबायचे, पुन्हा सांगायचे.

तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर आबा पायरीवर वाट बघत होते. म्हणाले, "मास्क असंन तं द्या. मीच काढतो."

काढायचं काम आमचं, तुमची छाती नाजूक, असं भाऊंनी परोपरीनं सांगितलं. आबा ऐकेनात. एक तरी पट्टी मी काढतो, म्हणाले. भाऊंनी सगळा कागद पाण्यानं चिंब भिजवला, आबांना मास्क घट्ट बांधला. आबांनी एक पट्टी अलगद सोडवली, घडी केली, पिशवीत ठेवली आणि दाराबाहेर जाऊन बसले. बाकीच्या आम्ही काढल्या. दार सताड ठेवून भिंत ओलीच खरवडली, पुसली. सगळं आवरल्यावर कडी काढायला आबा स्वतः उठले. कडी गंजली होती, दोन्ही हात लावावे लागले.

खिडकी उघडली. सातपुड्याकडून गार वारं आत आलं.

आबांनी खुंटीवरची शाल काढली, झटकली, आणि पलीकडच्या, सुमनबाईंच्या रिकाम्या पलंगावर नीट पांघरली.

"दहाच मिनिटं," ते म्हणाले. "मंग लावतो."