जवारी आणि तांदूळ

माझी गिटार माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी पन्नाशी ओलांडली तेव्हा आमच्या दोघांच्या तक्रारी जुळायला लागल्या. तिची दांडी वाकलेली, माझी मान. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिच्यामागे तिचं पोट सुटलेलं. माझ्या पोटाबद्दल बोलायची ही जागा नाही. थंडीत दोघांनाही सूर लागत नाही.

वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. कॉलनीतल्या शेजाऱ्यांची बदली झाली, ट्रकमध्ये कपाट चढलं आणि गिटारला जागा उरली नाही. "ठेवा तुमच्याकडे, येऊन नेतो," म्हणाले. अजून यायचे आहेत. गिटार अख्खी महोगनीची, वरची फळीसुद्धा. वडील मात्र पाहुण्यांना सांगत, "सागवानी आहे." महोगनी म्हटलं की पाहुणे नुसती मान डोलवायचे, सागवान म्हटलं की वाकून हात लावून बघायचे.

आवाज त्या लाकडाच्याच रंगाचा. झणझणाट नाही, चमक नाही. जाड, कोरडा, दुपारी झोपून उठलेल्या माणसाने पहिलं वाक्य बोलावं तसा. पटकन उमटतो, पटकन विझतो. मला हे फार सोयीचं होतं. चुका हवेत रेंगाळत नसत.

मग कधीतरी जाड तार छेडली की आतून 'खर्र' यायला लागलं. एका जाणकार मित्राने पोटाला कान लावून निदान केलं, "फळीला आधार देणारी आतली पट्टी सुटलीय. अजिबात हलवू नकोस, फळी बसेल." तेव्हापासून मी तिला ओल्या बाळंतिणीसारखी उचलायला लागलो. हळूहळू उचलणंही थांबलं. कुणी "वाजव ना" म्हणालं, की मी रंगमंचावर सोडतात तसला सुस्कारा सोडून सांगायचो, "आतून तुटलीय हो ती." लोक हळहळायचे. चहा मिळायचा. खरं सांगतो, बरं चाललं होतं. दिवसभर लोकांना विमा समजावून घरी येणाऱ्या माणसाला न वाजवण्यासाठी इतकं छान कारण रोज कोण देतं?

या वर्षी गणपती गेल्यावर भाचा आला. त्याने गंगापूर रोडला कॅफे काढलाय.

"मामा, ती गिटार दे ना. भिंतीवर भारी दिसेल. एक स्क्रू पाठीत, एक मानेत."

"स्क्रू?"

"तू म्हणतोस ना, मेलीच आहे ती?"

वाद घालायला त्राण लागतं. मी म्हणालो, "ने रविवारी."

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, आधी कुणाला दाखवा तरी. माणसालासुद्धा डॉक्टरने सांगितल्याशिवाय नेत नाहीत."

म्हणून शनिवारी जुन्या नाशकात पेट्या-तंबोरे दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो. पट्टीची सगळी करुण कहाणी साग्रसंगीत सांगितली. चाचांनी जाड तार एकदाच छेडली.

"साहेब, तंबोऱ्याला जवारी काढतात, माहितीये? तार घोडीवर जराशी घासते, म्हणून गुंजते."

"माहितीये की."

"तुमच्या गिटारमध्ये जवारी नाही. तांदूळ आहे."

मी "अहो, हळू!" म्हणेपर्यंत त्यांनी ती उलटी करून पिठाच्या डब्यासारखी हलवली. टेबलावर तांदूळ सांडले. कुंकवाने लाल झालेले, काही जुने होऊन पिवळे पडलेले. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. शेवटी टण्णकन एक सुपारी.

खंडेनवमी! दरवर्षी वडिलांचे नटबोल्टचे पाने, स्वतःचं शिलाई मशीन, विळी असं सगळं आई पूजेला ओळीने मांडायची, आणि त्या ओळीत माझी गिटार उताणी. हळदकुंकवाची पाच बोटं, फूल, आणि मग चिमूटभर नाही, मूठभर अक्षता. आईचा नेम चांगला होता. वासलेलं तोंड दिसलं की खाऊ घालायचं, हा तिचा स्वभावच. ती जाऊन चार वर्षं झाली. मुठीचं काम बायकोने पुढे चालवलं.

चाचांनी घोडीवरचं हाड घासून तारा खाली आणल्या, नव्या चढवल्या. "पट्टी एकदम शाबूत. गिटार ठणठणीत. बोटांचं तुम्ही बघा."

संध्याकाळी वाजवली. खर्र नाही. तो जाड, कोरडा आवाज स्वच्छ बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर मीही. पहिलं बोट सहा तारांवर आडवं टाकलं, तर तीनच दबल्या. चार मिनिटांत मनगट भरून आलं. इतकी वर्षं मी सुटलेल्या पट्टीच्या नावावर जे ढकलत होतो, ते सगळं माझंच निघालं. 

रविवारी भाचा जुनी चादर घेऊन हजर.

"ती बरी आहे रे," मी म्हणालो.

"मग?"

"टांगायचंच असेल तर मला टांग. आतून तुटलेला मी निघालो."

"तुझं वजन भिंतीला झेपणार नाही, मामा." चहा पिऊन, रिकामी चादर खांद्यावर टाकून गेला.

बायकोने शिक्षा सुनावली, "आता रोज पाच मिनिटं. कारण नको."

खंडेनवमीला गिटार पुन्हा ओळीत आली. मी शहाणपणाने तिच्या भोकावर ताटली ठेवली. बायको अक्षता घेऊन उभी.

"काढा ती. पूजेला झाकण लावतात का?"

"अगं, परत खरखरेल."

"खरखरू दे. सासूबाईंनी कधी झाकलं नव्हतं."

मी ताटली काढली. तिचा नेम आईइतका नाही. निम्म्या अक्षता पान्यांवर गेल्या. बाकीच्या आत.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांना बसलो. जाड तारेवर बारीकसं 'खर्र' आलं, आणि पाठोपाठ माझं बोट घसरून भलताच सूर लागला. स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

"तांदूळ," मी म्हणालो.