कोंडवाड्यातली मांजर

"आधी कोंडा, मंग बोला," असं म्हणून मुन्शीजी कमरेच्या जुडग्यातली एखादी किल्ली चाचपायचे. अडचण कोणतीही असो. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली, पोरगं शाळेत जाईना, डब्यातली साखर लवकर संपते, मुन्शीजींचा सल्ला एकच. फक्त पाहुण्यांच्या बाबतीत त्यांनी तो कधी दिल्याचं मला आठवत नाही.

ते आमच्या गावच्या कोंडवाड्याचे मुन्शी होते. तुमच्याही गावात कोंडवाडा असेल, म्हणजे मोकाट ढोरं कोंडायची जागा, आणि तिथेही असा एक माणूस असेल, ज्याला पाहिलं की हॉटेलातल्या गप्पा थांबतात आणि बाया आपल्या शेळ्या परसात घेतात. मी जकात नाक्यावर कारकून होतो. माझी नि मुन्शीजींची भिंत एक होती, त्यामुळे त्यांच्या घरातलं निम्मं मला ऐकू यायचं आणि उरलेलं ते स्वतः येऊन सांगायचे.

गाव दारव्ह्याच्या रस्त्यावरचं, लहानसं. ते जागचं हललं नाही, पण आधी मध्य प्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात गेलं आणि नुकतंच महाराष्ट्रात आलं होतं. या सगळ्या उलथापालथीत कोंडवाड्याची पाटी मात्र बदलली नाही. तिच्यावर बैल, म्हैस, घोडा, गाढव, शेळी, मेंढी अशी जनावरं ओळीनं लिहिली होती. मुन्शीजी त्या पाटीकडे देवघराकडे पाहावं तसं पाहायचे.

त्या वर्षी त्यांच्या घरी नवी सून आली होती, फुलसावंगीची. मुलगा पुसदला नोकरीला. तिथे खोली मिळेपर्यंत सून इथेच राहणार होती. दिसायला चुणचुणीत, पण घरात तिचा आवाज म्हणून कधी ऐकू यायचा नाही. "हो मामाजी" आणि "नाही मामाजी" एवढ्यावर तिचा संसार चालला होता. नागपंचमीला तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. नवी सून श्रावणात माहेरी जायचीच, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण मुन्शीजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, की पोरगी अजून रुळली नाही. रुळली की पाठवू. भाऊ ओट्यावरून उतरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला.

"बहीन देल्ली आमी. ढोर नाही कोंडलं."

मुन्शीजींना त्यात अपमान काय झाला तेच कळलं नाही. ते मला म्हणाले, की ढोरालासुद्धा आपण वेळेवर चारापाणी देतो. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या घरच्यांजवळ खरी गोष्ट सांगितली. लग्न झाल्यावर काकू पहिल्यांदा माहेरी, मुकुटबनला गेल्या, त्या लवकर परतल्याच नव्हत्या. मुन्शीजींना तिकडे जाऊन सासऱ्यापुढे हात जोडावे लागले होते. तेव्हापासून उघड्या दाराची त्यांना धास्ती होती. सुनेचं पाऊल एकदा बाहेर पडलं की ती परत येणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पोळा झाला आणि एका सकाळी हॉटेलवाला तोंड बांधलेलं पोतं घेऊन कोंडवाड्यावर हजर झाला. पोत्यात मांजर होती. दुधाच्या पातेल्यात तोंड घालते म्हणून त्यानं तिला झाडूनं बदडलं होतं, आणि आता कायदेशीर कारवाई पाहिजे म्हणत होता. त्याला वाटलं होतं मुन्शीजी हसतील आणि दोघं मिळून तिला वेशीबाहेर सोडतील. पण मुन्शीजींना हसण्याची सवय नव्हती. त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मांजर नव्हती. पाटीवर नाही म्हणून तिला कोंडता येईना, आणि तक्रार आली म्हणून सोडताही येईना.

शेवटी त्यांनी तिला शेळीच्या कलमाखाली बसवलं. नियमात चारापाणी होतं म्हणून तिच्यापुढे कडब्याची पेंढी टाकली आणि बादलीभर पाणी ठेवलं. मांजर कडब्यावर चढून बसली, दूध चोरून आणून पाजलं ते कोंडवाड्याच्या झाडूवालीनं. मग मुन्शीजींनी दवंडी पिटवली, की ज्याची मांजर असेल त्यानं ओळख पटवून घेऊन जावी. सगळं गाव पाहायला आलं. ओळख कोणी दाखवली नाही. मग बेवारशी ढोरांचा होतो तसा तिचा लिलाव झाला. मुन्शीजी खुर्चीवर बसून गंभीरपणे बोली मागत होते आणि आम्ही सगळे तोंडात रुमाल कोंबून उभे होतो. बोली आली नाही. पंचायतीच्या मोठ्या लोकांना विचारायला गेले तर त्यांनी पानाची पिंक टाकून सांगितलं, की मुन्शी, न्या घरी.

तो त्यांनी हुकूम मानला. मांजर घरी आली.

एक कान फाटलेली, पाठीची हाडं वर आलेली, माणसाची सावली पडली तरी अंग चोरणारी ती मांजर पोत्यातून सुटली ती ज्वारीच्या कणगीखाली गेली. मुन्शीजींनी माजघराचं दार बंद करून कडी घातली. मला येऊन म्हणाले, "रुळते पाहा आता." मांजर रुळली नाही. ते कणगीपुढे बसून तिला हाका मारायचे, डोळे वटारायचे, आणि शेवटी ढोरासारखं च्यक् च्यक् करायचे. आतून नुसतं गुरगुरणं यायचं.

गल्ली सल्ले द्यायला तयारच होती. कोणी म्हणालं तिच्या पायाला तूप चोळा, कोणी म्हणालं चुलीभोवती फिरवा, एकानं आरसा दाखवायला सांगितलं. या सगळ्यासाठी आधी मांजर पकडावी लागते हे कोणी सांगितलं नाही. मुन्शीजींनी गोणपाट पांघरून कणगीखाली हात घातला. दुसऱ्या दिवशी ते हाताला हळद लावून कोंडवाड्यावर आले आणि शेतकऱ्यांना सांगू लागले, की म्हशीनं शिंग मारलं.

मांजर खाईना. ताटली ठेवली तशी राहायची. काकू म्हणू लागल्या, की घरात मुकं जनावर उपाशी मरून राह्यलं, पाप लागेल. मुन्शीजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या कोंडवाड्यात आजवर एकही जनावर मेलं नव्हतं, आणि त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

त्या संध्याकाळी सून पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली. मी त्यांच्याच ओसरीवर बसलो होतो, म्हणून मला ऐकता आलं. पदर सावरून ती चौकटीशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामाजी, तिले बोलावू नका. तिच्याकडे पाहू बी नका. भिंतीकडे तोंड करून बसा, आन तिले तुमाले पाहू द्या."

मुन्शीजी थक्क झाले. मांजरीपेक्षा सून बोलली याचंच त्यांना जास्त नवल वाटलं असावं.

"आन दार उघडं ठेवा," ती म्हणाली.

"पळून गेली त?"

"दार बंद असलं का थे दाराकडेच पाहून राह्यते. तुमच्याकडे कवा पाहीन?"

तिच्या माहेरी धान्याच्या खोलीत मांजरीच मांजरी होत्या, हे मागाहून कळलं. मुन्शीजींनी पुष्कळ वेळ विचार केला. मग उठले आणि कडी काढली, पण अशा चेहऱ्यानं काढली, की जणू कोणी त्यांच्या हातातून जप्तीचं ढोर सोडवून नेतंय. दार उघडल्यावर ते भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसले. थोड्या वेळानं मांजर कणगीखालून निघाली, त्यांच्या पाठीमागून गेली, उंबरा ओलांडला आणि दिसेनाशी झाली.

गल्लीनं एका तोंडानं निकाल दिला, की गेली ती गेली. हॉटेलवाल्यानं पातेल्यांवर झाकणं घातली. मुन्शीजी ताटावरून तसेच उठले. तीही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाक्यावरून येता येता त्यांच्याकडे डोकावलो तर मुन्शीजी रजा टाकून माजघरात बसलेले. तोंड भिंतीकडे, पाठ ताठ. मी काही बोलणार तोच त्यांनी हातानं मला थांबवलं. उंबऱ्यावर मांजर उभी होती. ती आत आली, ताटलीतला दूधभात खाल्ला आणि दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. मग ती मुन्शीजींच्या पाठीशी आली, त्यांचं धोतर हुंगलं आणि तिथेच अंगाचं वेटोळं करून पडली. मुन्शीजी संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या, लघवीची पंचाईत झाली, तरी हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा एक जनावर त्यांच्याकडे आपल्या पायानं आलं होतं.

त्यानंतर काही दिवस ते बढती मिळालेल्या माणसासारखे वागत होते. म्हैस सोडवायला आलेला शेतकरी तावातावानं भांडत असायचा आणि हे त्याला खुर्ची देऊन सांगायचे, की माह्या मांडीवर बसते आता, काय सांगू राज्या. शेतकरी बिचारा म्हैस विसरून ऐकायचा. एकदा तर पंचायतीत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असताना मुन्शीजींनी उठून मांजरीच्या स्वभावावर भाषण केलं. टाकी काही झाली नाही, पण ते भाषण मात्र लोकांच्या अजून लक्षात आहे.

दिवाळी आली. सुनेचा भाऊ आता येणार नाही असं गल्लीनं ठरवलं होतं. तो आला. पण या खेपेला ओट्यावर चढला नाही, खालीच उभा राहिला. चहाला नाही म्हणाला. आम्ही सगळे आपापल्या दारांत काहीतरी काम काढून उभे होतो. नागपंचमीचं बोलणं कोणी विसरलं नव्हतं, आणि या वेळीही नाही म्हटलं तर तो भाऊ पुन्हा या गावात पाऊल ठेवणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पाठवलं तर ते लोक पोरीला परत धाडणार नाहीत, असंही बोललं जात होतं.

मुन्शीजी मांडीवरची मांजर हलक्या हातानं खाली ठेवून उठले. आत पाहून म्हणाले, "जाय पोरी. तयारी कर."

किती दिवसांसाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. कोंडवाड्यातल्या प्रत्येक जनावराची मुदत तोंडपाठ असलेल्या माणसानं मुदत सांगितली नाही. ती बोचकं घेऊन निघाली, पाया पडली, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. आवाज एकदम बारीक झाला.

"येशीन न?"

ती म्हणाली, "मांजरीले दूध देत जा मामाजी." आणि गेली.

गल्लीनं लगेच टिपलं, की पाहा, येईन म्हणाली नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. दुपारच्या मोटारीच्या वेळी मुन्शीजी ओट्यावर येऊन बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, की मांजरीला ऊन देतो आहे. मोटार यायची, धूळ उडायची, उतरणारे उतरायचे आणि मुन्शीजी मांजरीला घेऊन आत जायचे. तुळशीचं लग्न झालं. काकू चिडून म्हणाल्या, की कोणीतरी फुलसावंगीला जाऊन तिला घेऊन या, सून आणायला माणूस पाठवायची रीतच आहे. मुलगाही पुसदहून तेच म्हणत आला. मुन्शीजी ऐकेनात.

"आनाले गेलो त आपन आनली," ते मला म्हणाले. "थे आली असं कसं म्हनाव, बाबू?"

पण त्यांची झोप उडाली होती. जेवण तुटलं होतं. हा कडक माणूस आतून किती घाबरट आहे, हे मी तेव्हा पाहिलं, आणि तेव्हापासून तो मला फार आवडू लागला.

आज मुन्शीजी नाहीत. कोंडवाड्याच्या जागी दुकानं झाली, पाटी कोण्या भंगारवाल्यानं नेली असेल. मला ते आठवतात ते कार्तिकातल्या त्या दुपारचे. आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर समोरासमोर बसलो होतो. मोटार येऊन गेली होती. रस्त्याच्या वळणावर आधी बोचकं घेतलेला भाऊ दिसला आणि त्याच्या मागून हिरव्या लुगड्यातली ती.

मला वाटलं मुन्शीजी उठतील, हाक मारतील. त्यांनी तिला पाहिलं मात्र, आणि घाईघाईनं रस्त्याकडे पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड केलं, मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले. काकू दारातून ओरडणार होत्या, त्यांना हातानंच गप्प केलं. श्वाससुद्धा जपून घेत होते.

जोडव्यांचा आवाज जवळ आला. पायरीशी थांबला. तिनं सासऱ्याची ती ताठ पाठ पाहिली, ते असे का बसले आहेत हे तिला कळलं, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती मोकळेपणी हसली. ओट्यावर चढून त्यांच्या मागे येऊन बसली.

"मामाजी," ती म्हणाली, "आता पाहा माह्याकडे."

मुन्शीजींना वळता येईना. भिंतीकडे केलेल्या त्या तोंडावरून पाणी वाहत होतं, ते मिशीतून धोतरावर पडत होतं, आणि ते मला बाजूनं दिसत होतं. मग मीही मान फिरवली.