घोकायचं न्हाई, बघायचं

अंबडकर मास्तरांनी माझा पहिला इंग्रजी निबंध वर्गात वाचून दाखवला नाही, करून दाखवला. विषय त्यांनीच दिलेला होता, पटका कसा बांधावा. मी लिहिलं होतं: कापड घ्या, डोक्यावर ठेवा, गोल गोल फिरवा, पटका तयार. मास्तरांनी आपली काळी टोपी टेबलावर ठेवली, माझ्या डोक्यावरचा पटका मागून घेतला, तो सोडला, त्याचा बोळा डोक्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी गरागरा फिरवू लागले. एक टोक नाकावर आलं, दुसरं खांद्यावरून लोंबायला लागलं. वर्ग बाकं बडवून हसत होता. मास्तरांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"लक्ष्मण, झाला का रे तयार?"

"न्हाई, मास्तर."

"मंग? मी तर बराबर तू सांगितलं तेच केलं. इंग्रजी मला येतं बाबा. तुझ्या डोक्यातलं येत न्हाई. ते कागदावर आण."

निजामाच्या राज्यात, जालन्याच्या हायस्कुलात ही गोष्ट घडली. बाकीचे सगळे विषय उर्दूतून आणि इंग्रजीचा एक तास मास्तरांचा. मी बदनापूरकडच्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात कागदाला पहिला हात मी लावला आणि पुढं बी.ए.ही झालो. हे मी कुणी न विचारताही सांगतो. सांगायला लाज कसली? पण त्यातला निम्मा वाटा या माणसाचा आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मास्तर हैदराबादेत बी.ए. झाले होते. तिथं कॉलेजात शिकवायची जागा मिळत होती म्हणे, पण म्हातारी आई जालना सोडायला तयार होईना, म्हणून हायस्कुलात आले. मात्र कॉलेज त्यांनी सोबत आणलं. बी.ए.च्या वर्गाला जसे निबंध लिहायला लावतात, तसे ते आम्हा दहावीच्या पोरांना लावायचे. एका निबंधाचे तीन-तीन खर्डे. पहिला खर्डा वाचून ते फक्त प्रश्न विचारायचे. "नदीला पूर आला म्हणतोस. तू कुठं उभा होतास? पाण्यात काय वाहत होतं? बिलकुल दिसत न्हाई मला." कुणी म्हणालं की मास्तर, हे आमच्या आवाक्यातलं नाही, तर म्हणायचे, "बी.ए.च्या पोरांना जमत न्हाई ते तुम्हाला जमंल. ते बिघडलेत. तुम्ही अजून बिघडला न्हाईत."

बिघडणं म्हणजे घोकणं. तेव्हा शाळेत निबंधांची एक वही एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडं जायची. आगगाडीचा प्रवास, समुद्रपर्यटन, हत्ती, वर्तमानपत्राचे फायदे, असे वीस-बावीस निबंध पोरं तोंडपाठ करायची आणि मॅट्रिकच्या पेपरात उतरवून यायची. मास्तरांनी आमच्या वर्गात ती वही बंद केली. "घोकायचं न्हाई, बघायचं," हे त्यांचं पालुपद. हेडमास्तर हैदराबादकडचे, मोठे अदबशीर गृहस्थ. ते व्हरांड्यात मास्तरांना गाठून समजावायचे, "अंबडकरसाब, ये कालेज नई है. बच्चों को पास तो होने दो." मास्तर मान डोलवायचे आणि वर्गात येऊन पुन्हा तेच करायचे.

मॅट्रिकच्या पेपरात आगगाडीच्या प्रवासावर निबंध आला. मी बदनापूर ते जालना लिहिलं. डब्यातली एक म्हातारी पदराखाली कोंबडी लपवून बसली होती आणि तिकीट तपासनीस जवळ आला की स्वतःच खोकून कोंबडीचा आवाज झाकायची, ते सगळं लिहिलं. लिहिताना मला आनंद झाला होता, हे खरं. पण वाक्यं माझी, तशा चुकाही माझ्याच. निकाल लागला तेव्हा मी इंग्रजीत नापास. शेजारच्या वर्गातली वही घोकणारी पोरं पास. त्यांच्या आगगाडीत एक चूक नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी दुसऱ्या दिवशी वखर माझ्या हाती दिला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहतो तर बांधावरून मास्तर येताहेत, धोतराचा सोगा हातात धरून. बदनापूरला गाडीतून उतरून पायी आल्ते.

आबांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं. मास्तरांनी पाणी तसंच ठेवलं.

"पाटील, पोरगं नापास न्हाई झालं. मी झालो. चूक माझी हाय."

आबा गडबडले. मास्तर लोकांनी चूक कबूल करायची असते, हे त्यांना नवीन होतं. "आसं कसं म्हन्ता, मास्तर? पण आता ते वावरात रमून राह्यलंय. एक साल गेलं ते गेलं."

"अजून एक साल द्या मला. औंदा मी त्याला घोकवतो."

मी वखर सोडून जवळ आलो होतो. घोकवतो हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना मलाच खाली बघावंसं वाटलं. आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "एकच साल, मास्तर. पुन्हा नापास झालं तर तुमीबी इकडं येऊ नका."

मास्तरांनी वहीतले ते सगळे निबंध स्वतःच्या वळणदार अक्षरात माझ्यासाठी उतरवून काढले. रोज शाळा सुटल्यावर मी ते म्हणून दाखवायचो आणि ते खिडकीबाहेर बघत ऐकायचे. एखादा शब्द चुकला तर तेवढा सांगायचे. प्रश्न एकही विचारायचे नाहीत. वर्षभर ते वर्गातही तसेच वागले. हेडमास्तर खूश होते. आम्हा पोरांना मात्र वाटायचं, मास्तर आजारी आहेत की काय.

दुसऱ्या वर्षी पेपरात दोन विषय आले, बाजाराचा दिवस आणि समुद्रपर्यटन. बाजार वहीत नव्हता, पण बदनापूरचा बाजार मला पायाखालच्या वाटेसारखा ठाऊक होता. समुद्र वहीत होता, पाहिला कधीच नव्हता. मला आबा आठवले, वखर आठवला. मी समुद्र लिहिला. पास झालो.

निकाल सांगायला गेलो तेव्हा मास्तर शाळेच्या पायऱ्यांवर उभे होते. प्रश्नपत्रिका त्यांनी पाहिलेली होती. माझे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "बाजार लिहिला ना रे? बाजारच लिहिला असंल तू."

इतक्या आशेनं कुणी माझ्याकडं तोवर पाहिलं नव्हतं.

"हो, मास्तर. बाजारच."

ते तसेच आत गेले आणि हेडमास्तरांना सांगून आले. त्या जूनपासून वर्गात वही पुन्हा बंद झाली, तीन खर्डे पुन्हा सुरू झाले. मी औरंगाबादला कॉलेजात गेलो. तिथं वर्गात निबंध लिहायला सांगितला की घोकून आलेली पोरं पेन चावत बसायची आणि मी लिहायचो. मास्तरांचं बरोबर होतं, हे मला तिथं कळलं. पण त्यांच्याजवळ पुरावा म्हणून माझं खोटं होतं. त्या भरवशावर नवी पोरं नापास झाली तर?

मी बी.ए. व्हायच्या आधीच मास्तर विषमज्वरानं गेले. त्याआधी, कॉलेजच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत, मी त्यांना खरं सांगायचं ठरवून जालन्याला गेल्तो. ती आमची शेवटची भेट.

शाळेच्या व्हरांड्यात दहा-बारा पोरं घेऊन ते बसले होते. सुट्टीतसुद्धा. मला पाहताच उठले. "आरे, हाच तो! लक्ष्मण, तू मॅट्रिकला लिहिलेला बाजार यांना सांग. इंग्रजीतून सांग."

पोरं माझ्याकडं टकामका बघायला लागली. पळून जाता येत नव्हतं. मी सुरुवात केली. मिरचीच्या ढिगाजवळून जाणारा प्रत्येक माणूस शिंकतो, पण मिरची विकणारी बाई शिंकत नाही, हे सांगितलं. बैलांच्या बाजारात दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात, तोंडानं पिकापाण्याचं बोलतात आणि भाव फिसकटला की तो आधी त्यांच्या भुवयांत दिसतो, ते सांगितलं. सांगता सांगता एक एक दिसत गेलं. अडखळलो, पण थांबलो नाही. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

माझं झालं तसे ते पोरांना म्हणाले, "पाह्यलं? आता तुमच्या गावचा बाजार लिहा. जल्दी न्हाई. आधी बघा, मंग लिहा." पोरं पाट्यांसारख्या वह्या मांडीवर घेऊन वाकली.

मी मास्तरांच्या जवळ जाऊन बसलो. म्हणालो, "मास्तर, पेपरात मी बाजार न्हाई लिहिला. समुद्र लिहिला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पोरांवरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू बोल," ते म्हणाले. "पोरं लिहून राह्यलीत."